कितवा पर्याय मारलास?

गणिताच्या उत्तरावरून मुलांची वादावादी फार वेळ चालत नाही. एकानं कागदावर आकडेमोड करून दाखवली की दुसरा मान्य करतो, जरा चेहरा पाडतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. बुद्धिमत्ता चाचणीतल्या आकृत्यांचंही तेच. खरी जुंपते ती मराठीच्या पंचवीस प्रश्नांवर, आणि त्यातही उताऱ्यावर. उताऱ्याचा प्रश्न आला की कुणीच सहजासहजी माघार घेत नाही. प्रश्नपत्रिका उघडल्या जातात, ओळींवर बोटं ठेवली जातात, आवाज चढतात. शिष्यवृत्ती परीक्षेच्या केंद्राबाहेर उभं राहून ही वादावादी ऐकणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात मोलाचा भाग आहे, असं मी मनापासून मानते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आधी भुदरगड तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका विद्यामंदिरात होते, आता करवीर तालुक्यात आहे. फेब्रुवारीतला शिष्यवृत्तीचा रविवार दोन्हीकडे सारखाच. सकाळी वडापची गाडी ठरवलेली, प्रत्येकाच्या हातात पॅड आणि पाण्याची बाटली, पिशवीत भाकरी-चटणीचा नाहीतर चपाती-भाजीचा डबा, प्रवेशपत्रं माझ्या पर्समध्ये. केंद्र तालुक्याच्या गावातलं हायस्कूल. आपल्या शाळेपेक्षा चौपट मोठी इमारत बघून पाचवीतली मुलं गेटातच गप्प व्हायची.

ज्यांच्या घरात अलीकडे कुणी या परीक्षेला बसलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही परीक्षा १९५४-५५ पासून चालत आली आहे. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. पूर्वी ती चौथी आणि सातवीला असायची. २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला आली, आणि आता पुन्हा मागे वळली आहे; त्याबद्दल शेवटी. पेपर दोन. पहिल्यात मराठीचे पंचवीस आणि गणिताचे पन्नास प्रश्न, दुसऱ्यात इंग्रजीचे पंचवीस आणि बुद्धिमत्तेचे पन्नास. प्रत्येक पेपरला दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला बहात्तर सेकंद, आणि उतारा वाचायचा वेळही त्यातच बसवायचा. शिष्यवृत्तीची रक्कम बरीच वर्षं तुटपुंजी होती. २०२३ मध्ये ती पाचवीसाठी वर्षाला पाच हजार आणि आठवीसाठी साडेसात हजार झाली.

आमच्या जिल्ह्यात मात्र ही परीक्षा रकमेसाठी कधीच नव्हती. गुणवत्ता यादीत कोल्हापूरची मुलं दर वर्षी मोठ्या संख्येनं असतात. निकाल लागला की चौकाचौकात त्यांचे फोटो असलेले डिजिटल फलक लागतात, त्यावर वर्गशिक्षकांचाही फोटो असतो. कोल्हापूर शहरात महापालिकेच्या जरगनगर विद्यामंदिरात प्रवेश मिळावा म्हणून पालक गुढीपाडव्याच्या आदल्या रात्रीपासून रांगेत बसतात. त्या ओढीमागे शिष्यवृत्तीचे निकाल आहेत. सरकारी मराठी शाळेसाठी रात्र जागणारे पालक आजच्या काळात आणखी कुठे असतील तर मला बघायला आवडेल. ही ओढ या मातीत जुनी आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेल्या जे. पी. नाईकांनी १९५२ मध्ये गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं केलं, आणि पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहिण्यात त्यांचा हात होता. भुदरगडातला शेतकरी पोराला रविवारच्या जादा तासाला आपणहून आणून सोडतो, तेव्हा मला या सगळ्याची आठवण होते.

आता त्या वादावादीबद्दल.

शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिकांचे ए, बी, सी, डी असे संच असतात. शेजारच्याचं बघून लिहिता येऊ नये म्हणून प्रश्नांचा क्रम बदललेला असतो. पेपर सुटल्यावर या बदललेल्या क्रमाचा एक सुंदर परिणाम दिसतो. मुलांना नुसत्या क्रमांकावरून उत्तरं जुळवता येत नाहीत.

“सतरावा कितवा मारलास?”

“माझ्यात सतरावा म्हणीचा हाय. तू कुठला म्हणतोयस?”

“त्यो न्हाई का, त्यात पोरगं बाजारातनं येतंय आन् वाटंत त्येला...”

आणि मग सगळा उतारा पुन्हा सांगितला जातो. कधी आठवणीतून, कधी प्रश्नपत्रिका समोर धरून. वर्गात ‘उताऱ्याचा सारांश सांगा’ म्हटलं तर मान खाली घालणारा मुलगा इथं न अडखळता सारांश सांगतो, कारण समोरच्याला कुठला प्रश्न ते कळलंच पाहिजे. ऐकणारा मधेच अडवतो, “बाजारातनं न्हाई, जत्रंतनं!” आणि दोघं मिळून ती ओळ शोधतात. एवढ्या तन्मयतेनं केलेलं दुसरं वाचन मी वर्गात क्वचित बघितलं आहे.

दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत मी हे होऊ देत नाही. एखाद्याचं उत्तर चुकल्याचं कळलं तर घास गिळवत नाही आणि दुसऱ्या पेपरावर परिणाम होतो. तेव्हा डबा, पाणी, थोडं झाडाखाली पाय मोकळे करणं, बस. पण दुसरा पेपर सुटला की मोकळीक. उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत त्यांच्याजवळ असते, त्यामुळे ‘मी तर तीन नंबरच केला होता’ असं नंतर फिरवताही येत नाही. परतीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून मी मागचं ऐकत असते. आमच्याकडच्या मुली ‘मी दोन नंबर मारलो’ असं म्हणतात. बाहेरच्या पाहुण्याला ते खटकतं, मला नाही. त्याच मुली उताऱ्यातली प्रमाण मराठी नीट वाचतात, तिच्यातला बारीक फरक पकडतात आणि वाद आपल्या बोलीत घालतात. दोन्ही भाषा त्यांच्या आहेत.

हे ऐकत राहिल्यामुळे माझी सराव घ्यायची पद्धत बदलली. जून-जुलैपासून आम्ही सराव पेपर सोडवून घेतो. तपासून गुण सांगणं हा शेवटचा भाग. त्याआधी मुलांनी जोडीजोडीनं उत्तरं जुळवायची. जिथं दोघांचे पर्याय वेगळे, तिथं प्रत्येकानं आपली ओळ दाखवायची. ‘मला वाटतंय’ हे कारण चालणार नाही. मी तोपर्यंत उत्तर सांगत नाही.

एका सराव पेपरासाठी मी गुऱ्हाळावर उतारा लिहिला होता. करवीर, पन्हाळा, कागल या भागातल्या मुलांना गुऱ्हाळघर नवं नसतं. उताऱ्यात चुलवाणाला चिपाडं घातली जात होती, रसावरची मळी काढली जात होती, लहान मुलं काकवीच्या आशेनं भोवती जमली होती. गूळ शिजवणारा गुळव्या मात्र कुणाशी बोलत नव्हता. प्रश्न होता : गुळव्या कुणाशीच बोलत नव्हता, कारण... पर्याय : तो रागावला होता; तो दमला होता; त्याचे सारे लक्ष पाकाकडे होते; त्याला मुले आवडत नव्हती.

एका मुलानं ‘दमला होता’ निवडलं होतं आणि तो ठाम होता. “माझं काका गुऱ्हाळावर हाईत. पहाटं उठून चुलवाण पेटवत्यात. दमणारच की माणूस.”

“पण उताऱ्यात कुठं लिहिलंय? बोट ठेव,” त्याच्या जोडीची मुलगी म्हणाली.

त्यानं बोट ठेवलं. “हे बघ, ‘त्याचे डोळे लाल झाले होते’.”

“धुरानं झालं असतील.”

मागच्या बाकावरून तिसरा म्हणाला, “रागानं पण हुत्यात.”

लाल डोळ्यांच्या त्या एका वाक्यावर वर्गात चांगली दहा मिनिटं चर्चा झाली. धूर, जागरण, राग, तिन्ही कारणं पटण्यासारखी होती आणि त्या वाक्यापुरतं कुणीच चूक नव्हतं. मग त्या मुलीनं पुढचं वाक्य मोठ्यानं वाचलं. काहिलीवरची त्याची नजर क्षणभरही हलत नव्हती, असं तिथं होतं. वर्ग तिच्या बाजूला झुकला. तरी गुऱ्हाळवाल्या घरचा मुलगा हटेना. तो म्हणाला, “मॅडम, दमला नव्हता असं पण कुठं लिहिलेलं न्हाई.”

हे त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. मी त्याला म्हटलं, प्रश्न परत वाच. त्यानं वाचला. थोडा वेळ गप्प राहिला आणि मग स्वतःच बोलला, “दमला असंल. पर बोलत न्हाई ते त्येच्यासाठी न्हाई.” माणसाची अवस्था आणि त्याच्या वागण्याचं कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दहा-अकरा वर्षांच्या मुलानं स्वतःच्या तोंडानं मांडलं होतं. मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर तो ते वहीत उतरवून विसरला असता.

या मुलाच्या उत्तरात आणखी एक गोष्ट होती, ती मला महत्त्वाची वाटते. घरचं ज्ञान त्यानं उताऱ्यात आणलं होतं. ग्रामीण मुलांच्या बाबतीत हे सतत घडतं. पावसाचा उतारा असला की ते आपल्या शेताचा पाऊस आठवतात, म्हशीचा उतारा असला की आपल्या गोठ्यातली म्हैस. परीक्षेच्या दृष्टीनं हा धोका आहे, कारण पर्याय उताऱ्यातून आलेले असतात. पण वाचणं सुरू होतं ते इथूनच. ज्या मुलाला गुऱ्हाळ आठवत नाही, त्याच्यासाठी उतारा म्हणजे नुसती अक्षरं. म्हणून मी ‘घरचं बाजूला ठेवा’ असं कधी सांगत नाही. घरचं आणा, आणि मग लिहिलेल्याशी ताडून बघा, एवढंच सांगते.

याउलट ‘आधी प्रश्न वाचा, मग त्यातला शब्द उताऱ्यात शोधा’ ही क्लृप्ती हल्ली सगळीकडे शिकवली जाते. बहात्तर सेकंदांच्या हिशेबात तिचा मोह पडतो, हे मला समजतं. थेट माहितीचे प्रश्न त्यानं सुटतातही. पण ‘उताऱ्याला योग्य शीर्षक द्या’ किंवा ‘यावरून काय समजते’ असा प्रश्न आला की शब्द शोधत बसलेली मुलं अडकतात. गाडीत उत्तरं जुळवताना हे लगेच दिसतं. अशी मुलं पर्यायाचा क्रमांक सांगतात, उतारा सांगू शकत नाहीत. त्यांनी तो वाचलेलाच नसतो.

आठवीच्या मुलांची जुळवाजुळव आणखी रंगतदार असायची. त्यांच्या पेपरात वीस टक्क्यांपर्यंत प्रश्न असे असू शकत की चारपैकी दोन पर्याय बरोबर, आणि दोन्ही गोल भरले तरच गुण. त्यामुळे आठवीतली मुलं ‘तुझं की माझं’ या वादातून हळूहळू ‘दोन्ही असतील का’ इथपर्यंत यायची. मला हा प्रश्नप्रकार फार आवडतो. दोघांची वेगवेगळी उत्तरं एकाच वेळी बरोबर असू शकतात, हा अनुभव बहुपर्यायी परीक्षेत एरवी येत नाही.

करोनाच्या काळात लांबत लांबत ही परीक्षा १२ ऑगस्ट २०२१ ला झाली. त्याआधी जुलैत कोल्हापूरला महापूर येऊन गेला होता. कितीतरी मुलांनी वर्षभर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, मोबाइलवर पाठवलेले उतारे वाचून अभ्यास केला होता. परीक्षेनंतर मास्क लावलेली मुलं लांब लांब उभी राहून ओरडून उत्तरं विचारत होती. वर्षभरात त्यांनी मोबाइलवर माझ्याकडून बरोबर उत्तरं मिळवली होती, पण एकमेकांशी भांडता आलं नव्हतं. त्या एका दुपारी त्यांनी सगळी कसर भरून काढली. मी त्यांना घाई केली नाही.

उताऱ्यावरची ही वादावादी फक्त आपल्याकडची नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात आठवीच्या मुलांच्या वाचनपरीक्षेत ससा आणि अननसाची एक गोष्ट आली होती. डॅनियल पिंकवॉटर नावाच्या विनोदी लेखकाच्या मजकुरावरून ती बेतलेली होती. अननस सशाला शर्यतीचं आव्हान देतो. बाकीच्या प्राण्यांना वाटतं, याच्याकडे काहीतरी युक्ती असणार. शर्यत सुरू होते, अननस जागचा हलत नाही, ससा जिंकतो आणि प्राणी अननस खाऊन टाकतात. त्यावर प्रश्न होते : प्राण्यांनी अननस का खाल्ला? सर्वांत शहाणा कोण? परीक्षेनंतर मुलं आपापसात बोलू लागली तेव्हा कुणाचं कुणाशी जुळेना. मुलांचं बोलणं पालकांपर्यंत आणि तिथून वर्तमानपत्रांपर्यंत गेलं. खुद्द लेखकानंही सांगितलं की या मजकुरातून असे अर्थ निघत नाहीत. शेवटी तिथले शिक्षण आयुक्त जॉन किंग यांनी ते प्रश्न गुणांसाठी धरले जाणार नाहीत असं जाहीर केलं. शालेय मुलांच्या उत्तर जुळवण्यातून एवढं घडलं, हे मला फार आश्वासक वाटतं. मी ही गोष्ट आमच्या वर्गात सांगितली तेव्हा मुलांनी पहिल्यांदा प्राण्यांची बाजू घेतली. “येवढी वाट बघाय लावली, मग खाणारच की.” मग एकीनं विचारलं, “मॅडम, पर अननस कशाला पळंल?” उत्तर कुठल्याच पर्यायात नव्हतं.

आपल्याकडे शंका मांडायची रीतसर वाट आहे. परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची संकेतस्थळावर टाकते, ठरावीक मुदतीत ऑनलाइन आक्षेप घेता येतात आणि त्यांचा विचार करून अंतिम उत्तरसूची निघते. बहुतेक शाळा अंतरिम सूचीवरून फक्त गुणांची बेरीज करतात. मी मुलांना सूची समोर देऊन सांगते, जिथं तुमचं उत्तर वेगळं आहे आणि तुमच्याकडे ओळ आहे, तिथं खूण करा. बहुतेक खुणा चर्चेतच पुसल्या जातात. एखादी उरते. एका वर्षी आठवीच्या एका मुलीनं संवादावरच्या प्रश्नाबद्दल आपलं कारण पाऊण पानभर लिहिलं. आम्ही दोघींनी ते चार वाक्यांत आणलं आणि मुदतीत पाठवलं. अंतिम सूचीत उत्तर बदललं नाही. तिनं ते वाचलं, आपल्या चार वाक्यांचा कागद वहीत ठेवला आणि म्हणाली, “माझं अजून हेच म्हणणं हाय.” मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं नव्हतं. पण छापील उत्तरासमोर उभं राहून, कारण देऊन ‘माझं म्हणणं वेगळं आहे’ असं सांगणारी मुलगी माझ्या वर्गात आहे याचा मला गुणवत्ता यादीइतकाच अभिमान वाटला.

एक गोष्ट मात्र जपावी लागते. उत्तरं जुळवताना वर्गातल्या हुशार मुलाचं उत्तर तेच बरोबर धरलं जातं. तो ‘तीन’ म्हणाला की बाकीचे हळूच मान डोलवतात आणि ‘एक’ मारलेला मुलगा गप्प होतो. गणितात हे चालून जातं, उताऱ्यात अजिबात नाही. धनगरवाड्यावरून चालत शाळेला येणारी एक मुलगी होती. वाचनाला संथ, सराव पेपरात वेळ पुरायचा नाही. पण ती जे वाचायची ते नीट वाचायची. ‘नाही’, ‘फक्त’, ‘शिवाय’ असे छोटे शब्द तिच्या नजरेतून सुटत नसत, आणि बाकीच्यांचे गुण नेमके तिथंच जात. ओळ दाखवायचा नियम लावल्यापासून मुलं उत्तर जुळवायला तिच्याकडे जायला लागली. ‘कुणाचं उत्तर’ याऐवजी ‘कुठली ओळ’ असं विचारलं की वर्गातली उतरंड बदलते, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

२०२५ च्या शासन निर्णयानं ही परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीकडे आली आहे. चौथीची मुलं वर्षानं लहान. त्यांना लांब उतारा पेलवत नाही, वादात लवकर रडू येतं, आणि मोठ्या आवाजापुढे ती पटकन माघार घेतात. त्यांच्यासाठी मी सराव पेपर थोडा बदलला आहे. उताऱ्यावरच्या प्रत्येक प्रश्नाखाली पर्यायांनंतर एक रिकामी ओळ ठेवली आहे, ‘कशावरून?’ एवढंच विचारणारी. बोलताना गप्प होणारं मूल तिथं लिहितं, आणि उत्तरं जुळवताना त्याला ते नुसतं वाचून दाखवता येतं. सुरुवातीला मुलं तिथं ‘उताऱ्यावरून’ असं लिहायची. मग ‘तिसऱ्या ओळीवरून’ असं लिहू लागली. परवा शीर्षकाच्या प्रश्नाखाली एका मुलीनं लिहिलं, ‘एका ओळीवरून नाही, सगळ्यावरून.’ तिच्या जोडीदारानं लगेच हरकत घेतली. नियमाप्रमाणे ओळ दाखवलीच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत उतारा त्याला वाचून दाखवायला लागली, आणि मी पुढच्या आठवड्याचा उतारा जरा मोठा निवडला.